ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल आरोग्यसंस्थेत नर्सिंगची प्लेसमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात नर्सिंग शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या रोस्टरवर कधीतरी एखाद्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या) आरोग्यसंस्थेचं नाव येतं आणि मग फोन सुरू होतात. मी अशाच एका दवाखान्यात नर्स आहे, विद्यार्थ्यांना शिकवतेही. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येत असल्यामुळे त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. प्लेसमेंट म्हणजे इथे नोकरी नव्हे, अभ्यासक्रमातली प्रत्यक्ष कामाची पोस्टिंग, एवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

ही संस्था म्हणजे नक्की काय? सरकारी दवाखाना की एनजीओ?

कागदावर ती ना-नफा संस्था असते. पैसा मुख्यतः सरकारी अनुदानातून आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून येतो. पण तिचा मालक कोण, हे आधी समजून घ्या. स्थानिक अ‍ॅबोरिजिनल माणसं तिची सभासद असतात. ती आपल्यातून संचालक मंडळ निवडतात आणि ते मंडळ बाकीच्यांना कामावर ठेवतं. म्हणजे ज्या आजीबाईंचं बीपी तुम्ही सकाळी मोजलंत, त्याच संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत तुमच्या मॅनेजरला जाब विचारत असू शकतात.

पहिली अशी संस्था १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न वस्तीत सुरू झाली. गावाकडून शहरात आलेल्या अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांना हॉस्पिटलात अपमान सोसावा लागत होता, म्हणून बरेच जण जातच नसत. तिथल्या कार्यकर्त्यांनी स्वयंसेवक डॉक्टरांना गाठून रस्त्यालगतच्या एका गाळ्यात दवाखाना थाटला. मम शर्ल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्ली स्मिथ, गॉर्डन ब्रिस्को, गॅरी फोली ही त्यातली काही नावं. नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोजही त्यांच्यासोबत होते. १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये तशाच संस्था उभ्या राहिल्या. आज नाचो या त्यांच्या राष्ट्रीय महासंघात देशभरातल्या सुमारे १४५ संस्था आहेत.

म्हणजे आपल्याकडच्या हेमलकसा किंवा ‘सर्च’सारखंच ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यात आपलेपणा आहे. लोक बिरादरी प्रकल्पही १९७३ चाच. गडचिरोलीतलं ‘सर्च’ १९८६ चं, आणि तिथलं दंतेश्वरी रुग्णालय तर लोकांना विचारून, त्यांना परकं वाटणार नाही अशा झोपडीवजा बांधणीत उभं केलेलं आहे. या कामांबद्दल मला अपार आदर आहे.

तरी फरक आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा बाहेरून आलेली ध्येयवेडी माणसं आदिवासींसाठी संस्था काढतात. इथे लोकांनी स्वतःसाठी संस्था काढली आणि डॉक्टर-नर्सना तिच्यात नोकरीवर ठेवलं. म्हणून तुम्ही इथे ‘सेवा करायला’ येत नाही. ‘उद्धार’, ‘मुख्य प्रवाह’, ‘मागासलेले’, ‘बिचारे’ हे आपल्या शाळेच्या पुस्तकांतून डोक्यात बसलेले शब्द बाजूला ठेवूनच या. इंग्रजीत बोललात तरी त्यांचा सूर लपत नाही, आणि इथल्या लोकांनी तो सूर दोनशे वर्षं ऐकला आहे.

हे तास माझ्या ८०० तासांत धरतात का?

हो. रजिस्टर्ड नर्सच्या अभ्यासक्रमात किमान ८०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. विद्यापीठाने मंजूर केलेली ही प्लेसमेंट त्यात पूर्ण धरली जाते, मूल्यमापनही नेहमीच्याच पद्धतीने होतं. स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा असते, तिच्यात अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेली प्लेसमेंट मोजत नाहीत.

काही पैसे मिळतात का?

पगार नाही. १ जुलै २०२५ पासून सरकारने नर्सिंग, मिडवाइफरी, शिक्षक आणि सोशल वर्कच्या विद्यार्थ्यांसाठी प्लेसमेंट भत्ता सुरू केला आहे, पण तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना लागू नाही. दूरच्या ठिकाणी राहण्याची सोय काही विद्यापीठांच्या ग्रामीण आरोग्य विभागांकडून होते. होकार कळवण्याआधी तिथे विचारा. या काळात पार्टटाइम काम बंद असेल तर भाडं कसं भरायचं, याचं गणित आधी मांडा. ही काळजी खरी आहे आणि ती फॅसिलिटेटरला (प्लेसमेंटवर देखरेख करणाऱ्या शिक्षिकेला किंवा शिक्षकाला) सांगण्यात लाज कसली?

कागदपत्रं कोणती लागतात?

पोलिस तपासणी, लहान मुलांसोबत काम करण्याचा परवाना (क्वीन्सलँडमध्ये ब्लू कार्ड, नॉर्दर्न टेरिटरीत ओकर कार्ड), हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, डांग्या खोकला आणि फ्लूच्या लशींच्या नोंदी. भारतातून आलेल्यांची क्षयरोगाची तपासणी बारकाईने होते. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्तावरची इग्रा चाचणी बीसीजीमुळे बिघडत नाही. हे काम दोन महिने आधी सुरू करा. काही अ‍ॅबोरिजिनल जमिनींवर पाऊल ठेवायलाही तिथल्या लँड कौन्सिलचा, म्हणजे त्या जमिनींचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा परवाना लागतो. तो संस्था काढून देते, पण तुमची माहिती वेळेत गेली तरच.

वाळवंटात जावं लागेल का?

लागेलच असं नाही. अ‍ॅबोरिजिनल आणि उत्तरेकडच्या टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळ लोकांपैकी दहातले जवळपास चार जण मोठ्या शहरांत राहतात. ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न, पर्थ, अ‍ॅडलेड, सगळीकडे अशा संस्था आहेत. ट्रेनने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशीही प्लेसमेंट असते. शहरातली म्हणजे कमी अस्सल, असं मात्र समजू नका. शहरात राहणाऱ्या, गोऱ्या कातडीच्या अ‍ॅबोरिजिनल माणसाला ‘तुम्ही तसे दिसत नाही’ असं म्हणणं हा त्याच्या घराण्याच्या इतिहासाचा अपमान असतो. कित्येक कुटुंबांतली मुलं सरकारने हिरावून नेऊन गोऱ्या घरांत किंवा अनाथालयांत वाढवली होती.

तो इतिहास किती वाचून जावा?

निदान इतका, की समोरची बाई हॉस्पिटलला का घाबरते हे तुम्हाला तिला विचारावं लागणार नाही. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणानुसार अ‍ॅबोरिजिनल मुलं आईबापांपासून तोडली गेली. त्यावरचा ‘ब्रिंगिंग देम होम’ हा चौकशी अहवाल १९९७ साली आला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. हे फार जुनं नाही. त्या मुलांतली कित्येक माणसं आज साठी-सत्तरीत आहेत आणि तुमच्या दवाखान्यात ड्रेसिंगला येतात. बाळंतिणीजवळ क्लिपबोर्ड घेऊन उभ्या राहिलेल्या अनोळखी नर्सकडे बघून तिच्या मनात काय येत असेल, याचा विचार करा.

जिथे जाणार तिथली भूमी कोणाची, तिथल्या लोकांचं नाव काय, हेही बघून ठेवा. मेलबर्नच्या बऱ्याच भागात वुरुंजेरी, सिडनीच्या मध्यभागी गॅडिगल, पर्थला नूंगार, अ‍ॅडलेडला कौर्ना. सरसकट एकच समाज आणि एकच भाषा, असं इथे काहीही नाही.

दिवसभर काम काय असतं? वॉर्डसारखी गडबड दिसत नाही म्हणे.

गडबड असते, फक्त ती बेडभोवती नसते. सकाळी दवाखान्याची गाडी लोकांना घरून आणायला निघते. तिच्यात जायला मिळालं तर नक्की जा. कोण का आलं नाही, कोणाच्या घरी वीज तोडली आहे, कोण नातवंडं सांभाळतंय, हे सगळं ड्रायव्हरला ठाऊक असतं.

सर्वात नेहमीचं काम म्हणजे मेडिकेअरच्या ७१५ क्रमांकाची आरोग्य तपासणी. ही फक्त अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांसाठी, साधारण वर्षातून एकदा, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत. बीपी, साखर, लघवीतलं प्रोटीन, कान, डोळे, दात, लशी, झोप, मन, घर. तिचा बराच भाग नर्स आणि आरोग्य कार्यकर्ते करतात. २०२०–२२ च्या आकडेवारीनुसार अ‍ॅबोरिजिनल पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७१.९ आणि स्त्रियांचं ७५.६ वर्षं आहे, बाकीच्या ऑस्ट्रेलियनांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी कमी. ही दरी मधुमेह, किडनी आणि हृदयाच्या आजारांनी पडते, आणि हे आजार लवकर पकडायचे तर ते याच तपासणीत.

उत्तरेकडे आणि मध्य ऑस्ट्रेलियात ऱ्हुमॅटिक हृदयरोग फार दिसेल. बाकीच्या ऑस्ट्रेलियातून तो जवळपास गेला आहे, अ‍ॅबोरिजिनल मुलांत मात्र अजून आहे. घसा आणि त्वचेवरच्या स्ट्रेप जंतूंच्या संसर्गातून तापाचा आजार होतो, तो पुन्हा पुन्हा झाला की हृदयाच्या झडपा खराब होतात. उपाय म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचं मांडीत किंवा कुल्ल्यात घ्यायचं इंजेक्शन, दर २८ दिवसांनी, वर्षानुवर्षं. ते खूप दुखतं. दहा वर्षांच्या मुलाला दर महिन्याला परत यावंसं वाटेल असं ते कसं द्यायचं, हे शिकायला इथल्याइतकी चांगली जागा नाही. औषध खोलीच्या तापमानाला आणणं, सावकाश टोचणं, जागेवर आधी दाब देणं, डावा की उजवा पाय हे मुलाला ठरवू देणं. मूळ कारण घरातली दाटी आणि आंघोळी-कपड्यांना पुरेसं पाणी नसणं हे आहे. ते इंजेक्शनने जात नाही, म्हणून या संस्था घरांच्या दुरुस्तीसाठीही सरकारशी भांडतात. तेही आरोग्याचंच काम आहे.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पर्पल हाउसबद्दलही ऐकून ठेवा. डायलिसिससाठी वाळवंटातली माणसं शेकडो किलोमीटर दूर शहरात येऊन पडायची आणि आपल्या माणसांविना झुरायची. किंटोर आणि किविरकुरा इथल्या चित्रकारांनी मोठी चित्रं रंगवली, २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. त्या पैशातून सुरुवात होऊन २००४ मध्ये किंटोर गावातच डायलिसिस सुरू झालं. पेशंटांनी स्वतः उभारलेली डायलिसिस सेवा! नर्सिंगच्या वर्गात हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मला शिकवणारी व्यक्ती नर्स नसेल तर?

बऱ्याचदा नसेलच. अ‍ॅबोरिजिनल हेल्थ वर्कर किंवा हेल्थ प्रॅक्टिशनर तुम्हाला सोबत घेऊन फिरतील. हेल्थ प्रॅक्टिशनर हा २०१२ पासून राष्ट्रीय पातळीवर नोंदणी असलेला व्यवसाय आहे. त्यांना मदतनीस समजण्याची चूक आपल्याकडून सहज होते, कारण भारतात आपण उतरंड बघत वाढतो आणि आशाताईंना बसायला खुर्चीही दिली जात नाही असे दवाखाने आपण पाहिले आहेत. इथे हेल्थ वर्कर बाईंनी ‘आज त्या घरी जायचं नाही’ म्हटलं, तर जायचं नाही. कारण विचारायचंच असेल तर नंतर, गाडीत, हळूच विचारा. तुमच्या लॉगबुकवर नर्सची सही लागते, ती सोय संस्था करते. पण तुम्ही कसे वागलात हे ती नर्स आधी त्यांनाच विचारणार.

कल्चरल सेफ्टीवर निबंध लिहिला आहे. प्रत्यक्षात करायचं काय?

ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडली आणि १९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती अभ्यासक्रमात आणली. आज ऑस्ट्रेलियातल्या नर्सच्या आचारसंहितेत ती आहे, २०२२ पासून आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांतही आहे. गाभा असा की सेवा सुरक्षित होती की नाही, हे ती घेणारा माणूस ठरवतो. तुमचा हेतू चांगला होता, हे उत्तर चालत नाही.

त्यांच्या चालीरीती पाठ करण्याचं हे काम नाही. स्वतःकडे बघण्याचं आहे, आणि ते अवघड जातं. मी कोणत्या जातीत, कोणत्या घरात वाढले, माझ्या घरी कोणाला वेगळा कप होता, कोणाच्या आजारपणाला आम्ही ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणायचो? हे प्रश्न स्वतःला विचारून आलेला विद्यार्थी इथे लवकर रुळतो. उत्तरं कोणाला सांगायची गरज नाही.

पेशंट माझ्याशी बोलतच नाहीत. मी काय चुकतोय?

कदाचित काहीच नाही. पहिल्या आठवड्यात ते तुम्हाला बघत असतात. विद्यार्थी येतात आणि जातात, प्रत्येकाला आपली कहाणी नव्याने का सांगावी?

भारतात केलेली कम्युनिटी पोस्टिंग आठवा. कॉलेजची बस, हातात कम्युनिटी बॅग, दारात उभं राहून फॅमिली फोल्डरचे रकाने भरायचे, मग तक्ते दाखवून हेल्थ टॉक. ती पद्धत इथे उलटी पडते. एकामागून एक प्रश्न म्हणजे चौकशी, आणि चौकशीनंतर या लोकांच्या आयुष्यात क्वचितच काही चांगलं घडलेलं आहे. आधी स्वतःबद्दल सांगा. कुठले, घरी कोण कोण, आई कुठे असते, इथे कशा आलात. गप्पांतून माहिती येऊ देण्याच्या या रीतीला इथे यार्निंग म्हणतात. गावच्या पारावर बसलेल्या माणसाला ती वेगळी शिकवावी लागत नाही.

प्रश्नानंतर थांबा. शांतता भरून काढायची घाई करू नका. रोखून डोळ्यांत बघू नका. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं तर ‘हो’ येईल, कारण ‘हो’ म्हटलं की प्रश्न संपतो. ‘गोळ्यांचं कसं जमतंय?’ असं विचारा. आणि एक साधी गोष्ट विसरली जाते : समोरच्याला ऐकू येतंय का? लहानपणी कान वाहून ऐकू कमी आलेली माणसं इथे पुष्कळ आहेत. दूरच्या वस्त्यांत इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा असते. पित्जनजजारा किंवा वार्लपिरी बोलणाऱ्या आजोबांसाठी दुभाषा मागवणं हे तुमचं काम आहे. नातवाला मध्ये बसवून त्यांच्या लघवीच्या तक्रारी विचारणं चालणार नाही.

मीही सावळी आहे, आपल्यावरही इंग्रजांचं राज्य होतं. ते मला आपलं मानतील ना?

कधीकधी त्यामुळे गप्पा सुरू होतात, हे खरं. क्रिकेट, करी, मोठी कुटुंबं, मावशी-काका म्हणण्याची सवय. इथेही वडीलधाऱ्यांना आन्टी आणि अंकल म्हणतात. मात्र कोणाला तसं म्हणायचं, ते आधी बरोबरच्या सहकाऱ्याला विचारा.

पण हा धागा ताणू नका. इंग्रज आपल्याकडून गेले, इथून गेले नाहीत. आपल्याला आपली जमीन आणि भाषा परत मिळाली. आणि आज आपण इथे व्हिसा घेऊन आलो आहोत तो त्याच राज्याचा, जे त्यांच्या जमिनीवर उभं आहे. ‘आम्हीही सोसलं, तरी पुढे आलो’ हे वाक्य तर कधीच तोंडातून निघू देऊ नका. मी ते आपल्या लोकांच्या जेवणाच्या टेबलावर ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं.

मी मुलगा आहे. काही वेगळं सांभाळावं लागेल?

हो. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या बाबी अनेक ठिकाणी काटेकोर वेगळ्या असतात. गर्भाशयमुखाची तपासणी, गर्भारपण, स्तनपान यांत तुम्हाला बाहेर थांबायला सांगतील. ते मनाला लावून घेऊ नका, तास बुडाले असंही समजू नका. उलट पुरुषांच्या क्लिनिकमध्ये पुरुष नर्सची फार गरज असते. मुलींनाही हेच लागू : काही पुरुष तुमच्याशी लैंगिक आजारांबद्दल बोलणार नाहीत, तेव्हा पुरुष सहकाऱ्याला बोलवा.

कोणी वारलं तर?

दवाखाना त्या दिवशी अर्धा किंवा पूर्ण बंद राहू शकतो, गावातली कामं अनेक दिवस थांबतात. याला सॉरी बिझनेस म्हणतात. बऱ्याच समाजांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, फोटो झाकतात. म्हणून वेटिंग रूममध्ये नाव पुकारण्याआधी सहकाऱ्याला विचारा, कारण त्याच नावाचा दुसरा माणूस असेल तर तोही काही काळ वेगळ्या नावाने ओळखला जातो. तुम्ही काय करायचं? सांगतील ते. चहा करा, भांडी घासा, घरी जा म्हटलं तर जा.

फोटो काढले तर चालतील?

नाही. मुलांचे तर अजिबात नाही. सूर्यास्ताचाही काढण्याआधी विचारा, काही जागा पवित्र असतात.

सुरक्षित आहे का? आईबाबा घाबरलेत.

विद्यार्थ्याला एकट्याने कॉलवर किंवा घरभेटीला पाठवत नाहीत. २०१६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात एका नर्सची हत्या झाली. त्यानंतर त्या राज्यात ‘गेल्स लॉ’ हा कायदा झाला आणि रात्रीच्या तातडीच्या कॉलला दुसऱ्या व्यक्तीसोबतच जाण्याची तरतूद आली. प्रत्यक्षात सर्वात मोठा धोका रस्त्याचा असतो. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू आणि गुरं आडवी येतात. पाणी भरपूर ठेवा. अनेक वस्त्यांत दारूबंदी आहे, भेट म्हणूनही बाटली नेऊ नका.

इथे शिकलेलं हॉस्पिटलात उपयोगी पडतं का? कौशल्यं मागे पडतील अशी भीती वाटते.

आयव्ही पंप कमी दिसतील, हे खरं आहे. पण जखमा, लसीकरण, मधुमेह, डायलिसिस, मुलांचे कान आणि आजार लवकर ओळखणं यांत हात चांगला बसतो.

त्याहून मोठा उपयोग परत वॉर्डात गेल्यावर होतो. हॅण्डओव्हरमध्ये ‘नॉन-कम्प्लायंट’ किंवा ‘सांगूनही ऐकत नाही’ असा शेरा येईल. तुम्हाला आता ठाऊक असेल की तो माणूस उपचार अर्धवट टाकून गेला, कारण घरी मयत होती, किंवा दोन दिवस कोणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. तेव्हा तो शेरा तसाच पुढे देऊ नका. ‘दुभाषा बोलावला होता का? हॉस्पिटलच्या अ‍ॅबोरिजिनल लायझन ऑफिसरना कळवलं का?’ एवढं विचारा. नवशिक्या विद्यार्थ्यानेही विचारता येतील असे हे प्रश्न आहेत, आणि ते विचारल्याने पेशंट उपचार सोडून न जाता थांबतो.

पुढे इथेच नोकरी मिळेल का?

शहरातल्या आणि प्रादेशिक गावांतल्या संस्था नव्या नर्सना घेतात, कधी पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या कार्यक्रमातूनही. दुर्गम क्लिनिकांना साधारण काही वर्षांचा अनुभव हवा असतो, कारण तिथे डॉक्टर फोनवर असतो आणि तुम्ही कार्पाचं उपचार-पुस्तक (दुर्गम दवाखान्यांसाठीची उपचारांची मार्गदर्शिका) उघडून निर्णय घेत असता. आधी इमर्जन्सी किंवा मेडिकल वॉर्डात हात पक्का करा. जाहिरातीत ‘आयडेंटिफाइड पोझिशन’ लिहिलेलं असेल तर ते पद अ‍ॅबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर उमेदवारासाठी राखीव आहे, तिथे अर्ज करू नका. बाकीच्या पदांसाठी मुलाखतीला मंडळाच्या वडीलधाऱ्या बाई बसतात आणि बहुधा पहिला प्रश्न असतो : तुम्ही इथे किती वर्षं राहणार? खरं सांगा. दोन वर्षं असेल तर दोनच सांगा.